पाणी न पिणाऱ्यांची बाग

मी एक जुना संडास आहे. बागेतला.

हसलात ना? हसा, मित्रांनो, मला सवय आहे. माझ्या दारावर सुबक अक्षरांत 'स्वच्छतागृह' अशी पाटी आहे आणि कार्यालयात मला 'सुविधा' म्हणतात. पण घाईला आलेला माणूस माळीकाकांना विचारतो, "काका, संडास कुठं आहे हो?" तेव्हा त्याच्या तोंडी माझे नाव जितके कळवळून येते, तितके कळवळून आजवर कोणी मला 'सुविधा' म्हटलेले नाही. म्हणून मीही आडपडदा ठेवत नाही. खरे तर माझ्यावर जे काही गुदरले, ते लोकांच्या या आडपडद्यापायीच गुदरले. ती सगळी गोष्ट आज तुम्हाला सांगतो. नाक मुरडू नका, नीट ऐका.

माझ्या जन्माआधीचे मला माळीकाकांकडून कळले. ते माझ्या भिंतीला पाठ लावून दुपारचा डबा खातात आणि खाताना पुष्कळ बोलतात. ही बाग तेव्हाही अशीच होती. दाट सावलीची झाडे, मधोमध हिरवळ, तिच्याभोवती चालायची वाट, मुलांसाठी घसरगुंडी. दोन्ही फाटकांसमोर बस थांबायची. लोक हौसेने यायचे आणि तासाभरात चुळबुळ करत निघून जायचे. बायका तर त्याआधीच. बाकावर गप्पा रंगात आल्या की कोणीतरी उठायची आणि म्हणायची, "चला गं, घरी कामं पडलीत." मग सगळ्याच उठायच्या, आणि सगळ्यांना नेमके काय पडले आहे ते सगळ्यांनाच ठाऊक असायचे. तोंडातून मात्र ब्र निघायचा नाही.

मग एक बाई आल्या. इमारतींचे आराखडे काढणाऱ्या. बागेची नवी आखणी करायचे काम त्यांच्याकडे आले होते. माळीकाका त्यांना नकाशेवाल्या बाई म्हणतात, मीही तेच म्हणतो. त्यांनी आल्या आल्या बायकांना सरळ विचारले, "इथं स्वच्छतागृह हवं का तुम्हाला?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिले. "नको बाई, आम्हाला काही लागत नाही. आम्ही घरून जाऊनच येतो." पुरुषांना विचारले तर ते म्हणाले, "आमचं काय, आमचं चालतंय." ते कुठे चालत होते हे कुंपणालगतच्या झाडांना विचारा. असो.

बाई हुशार, पण त्याहून जास्त चिकाटीच्या. त्या पिण्याच्या पाण्याच्या नळाजवळ जाऊन बसल्या. ऊन मी म्हणत होते, तरी मोठी माणसे नळाकडे फिरकत नव्हती. एखादे पोर धावत येऊन नळाला तोंड लावायचे, की मागून त्याची आई यायची. "पुरे, पुरे. एवढं पिऊ नकोस." उन्हात तापलेल्या लेकराला कोणती आई पाणी पिऊ देत नाही? बाई विचारात पडल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रश्नच बदलला. समोरून येईल त्याला त्या विचारू लागल्या, "आज घरून निघताना पाणी किती प्यायलात?"

यात लाजण्यासारखे काय? लोक भडाभडा बोलू लागले. एक ठसठशीत बांध्याच्या बाई होत्या, हातात कापडी पिशवी, केस तेव्हा काळेभोर. त्या म्हणाल्या, "बागेत यायचं ठरलं ना, की सकाळपासून पाणी बंद. चहासुद्धा अर्धाच कप घेते. उगाच पंचाईत नको." शेजारची त्यांची बहीण मान डोलावत होती.

"म्हणजे ही पाणी न पिणाऱ्यांची बाग आहे," नकाशेवाल्या बाई स्वतःशीच म्हणाल्या. त्या क्षणी माझा जन्म ठरला.

पण जन्म ठरणे वेगळे आणि जागा मिळणे वेगळे. कार्यालयातल्या मंडळींना मी हवा होतो, पण दिसायला नको होतो. "मागच्या कोपऱ्यात बांबूचं बेट आहे, त्याच्या आड टाकू," असे सगळ्यांचे एकमत झाले. बाईंनी विचारले, "तुमच्या घरातलं कोणी दिवेलागणीला त्या बांबूआड एकटं जाईल का?"

"आमची ही तर भर दुपारीसुद्धा जाणार नाही," एक गृहस्थ चटकन बोलून गेले आणि मग आपण कोणाच्या बाजूने बोललो हे लक्षात येऊन गप्प झाले. अशा रीतीने मला मोठ्या वाटेलगत, सावलीच्या झाडासमोर, चारचौघांत जागा मिळाली. माझे दार वाटेवरून दिसते, पण दारातून आतले काही दिसत नाही. आधी एक आडवी भिंत आहे, तिला वळसा घालून आत जायचे. लाज राखायला माणसाला लपवावे लागत नाही, मित्रांनो, एक वळण पुरते.

माझा पाया खणण्याआधी बाईंनी जमिनीवर फक्कीने मला आखले. फक्की म्हणजे मैदानात रेघा मारायची पांढरी भुकटी. आखले तेही खऱ्या मापात. मग त्या स्वतः एका हातात काठी, खांद्याला जड पिशवी आणि पुढे बाबागाडी असे सोंग घेऊन त्या रेघांतून फिरल्या. बाबागाडी वळणावर अडली. रेघ पुसली, वळण रुंद केले. गवंड्याला त्यांनी पाण्यात हात बुडवायला लावले आणि डोळे मिटून कडी लावायला सांगितली. कडी निसटली. ती कडी परत गेली, मोठ्या मुठीची आली. गवंडी वैतागला. "बाई, संडास बांधतोय की राजवाडा?"

"राजवाड्यावाचून कोणाचं अडत नाही हो," बाई म्हणाल्या. "याच्यावाचून अडतं."

हे वाक्य मी मनात कोरून ठेवले आहे. तेव्हा माझ्या भिंती नव्हत्या, नाही तर भिंतीवरच कोरले असते.

मी उभा राहिलो तेव्हा खरेच देखणा होतो. स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण दुसरे कोण सांगणार? बायकांकडे जास्त खोल्या, कारण त्यांना वेळ जास्त लागतो आणि रांगही त्यांचीच लागते. प्रत्येक दारामागे पिशवी अडकवायला भक्कम खुंटी. म्हाताऱ्यांना उठताना धरायला भिंतीत नळी. मुलांसाठी गुडघ्याएवढ्या उंचीवर हात धुवायचे छोटे भांडे. एक खोली ऐसपैस, चाकाच्या खुर्चीसाठी, आणि छोट्या मुलीला घेऊन आलेल्या बापासाठीही. तो बिचारा नाही तर कुठल्या दारात उभा राहणार? वर उजेडाचे झरोके, खाली पाणी साचू नये असा फरशीला उतार. आणि समोर झाडाखाली एक बाक, थांबणाऱ्यांसाठी.

माझी देखभाल करायला मावशी आल्या. त्या कोणाच्या मावशी होत्या ते मला माहीत नाही. सगळेच मावशी म्हणायचे, मोठे साहेबसुद्धा. आत शिरण्याआधी त्या झाडूच्या दांड्याने दारावर टकटक करायच्या आणि विचारायच्या, "आहे का कोणी?" आत कोणी नाही हे समोर बसून पाहिलेले असले तरी विचारायच्या. माळीकाकांनी एकदा चिडवले, "मावशी, रिकाम्या खोलीला कसली परवानगी मागताय?"

"सवय मोडली ना, तर एखाद दिवशी नेमकं कोणीतरी असेल," मावशी म्हणाल्या.

कोपऱ्याकडून दाराकडे धूत यायचे, शेवटी कोरड्या फडक्याने फरशी टिपायची, ही त्यांची रीत. ओली फरशी त्यांना खपायची नाही. "म्हातारं माणूस घसरलं तर तुझी अब्रू जाईल," असे त्या मला दटावायच्या. मला! अशी माया माझ्यावर पुन्हा कोणी केली नाही.

आता त्या दोघी बहिणींचे सांगतो, कारण माझी गोष्ट ही खरे तर त्यांचीच गोष्ट आहे. थोरली म्हणजे तीच, अर्धा कप चहावाली. धाकटी तिच्यापेक्षा बारीक, बोलायला तिखट. दोघींची घरे शहराच्या दोन टोकांना आणि बाग बरोबर मध्ये. आठवड्यातून एकदा दोघी दोन बाजूंच्या बसने यायच्या आणि माझ्यासमोरच्या बाकावर बसायच्या. दोघींच्या घरी नातवंडांचा गोतावळा, सुना चांगल्या, मुलगे चांगले. पण आपल्या आईचा आवाज कसा होता, तिच्या हातची शिवण कशी होती, हे आठवणारे जगात आता एवढे दोनच जीव उरले होते. ते बोलायला त्यांना दुसरी जागा नव्हती.

मी झाल्यापासून थोरली पिशवीत पाण्याची बाटली आणू लागली. भली मोठी. बसली की आधी घटाघटा पाणी प्यायची, मग बाटली धाकटीकडे सरकवायची. मधेच उठून माझ्याकडे यायची, परत जाऊन तुटलेला धागा जोडायची. वय वाढत गेले तशा तिच्या खेपा वाढल्या. मावशी तिला लांबून पाहिले की एक खोली कोरडी करून ठेवायच्या.

दोघी हसायच्या खूप आणि भांडायच्याही. थोरलीचा एक चिडवण्याचा विषय ठरलेला होता. "चिमे, तुझ्या चादरी वाळत घालून घालून माझे हात दुखले गं लहानपणी." धाकटी लहान असताना अंथरूण ओले करायची आणि थोरलीने ते गल्लीभर सांगितले होते. पन्नाशी उलटली, साठी उलटली, तरी ही चादर वाळत नव्हती. धाकटी हसून म्हणायची, "पुरे हं ताई, आता नातवंडं झाली मला." हसायची खरी, पण हसून झाल्यावर थोडा वेळ दुसरीकडे बघायची. बाकावरून ते दिसत नसेल. समोरून दिसायचे.

असे सगळे छान चालले होते, मित्रांनो. मग मावशी थकल्या. त्यांची लेक येऊन त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. जाताना त्यांनी माझ्या दारावर दांड्याने टकटक केली, पण काही विचारले नाही. मला गलबलून आले. नळाला टिपे गाळता येतात, कोणाच्या लक्षातही येत नाही.

मावशींच्या जागी कोणी आले नाही. "नेमणूक होईल," असे सगळे म्हणत राहिले. फरशीवर चिखल साचला, कुणी खुंटी उपटून नेली, कुणी भिंतीवर आपले आणि आपल्या आवडत्या व्यक्तीचे नाव लिहिले. संडासाच्या भिंतीवर प्रेम जाहीर करणाऱ्याचे पुढे काय होते कोण जाणे.

अशात बागेला नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता हे आधीच सांगतो. पण टापटिपीचे वेड असे की झाडाचे पान खाली पडले तर त्यांना झाडाचा राग यायचा. त्यांनी माझी दशा पाहिली आणि हळहळले. मला घासून घेतले, रंग दिला, खुंट्या नव्या लावल्या. शहरातल्या सर्वांत स्वच्छ स्वच्छतागृहाची स्पर्धा होती, तीत माझे नाव घातले. आणि काय सांगू, मी पहिला आलो! साहेबांना मोठी चकचकीत ढाल मिळाली. मला हार घातला. दाराच्या कडीला हार घातलेला संडास तुम्ही कधी पाहिला आहे? मी त्या दिवशी मनात म्हटले, आता मावशी हव्या होत्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला कुलूप लावले.

"साहेब, हे काय?" माळीकाकांनी विचारले.

"अहो, साफ करायला माणूस कुठंय आपल्याकडे? उघडा ठेवला तर चार दिवसांत उकिरडा होईल. ढाल मिळालेला संडास घाण निघाला तर तोंड दाखवायला जागा राहील का मला? झाकली मूठ सव्वा लाखाची. माणूस मिळू दे, मग उघडू."

माणूस मिळाला नाही. किल्ली साहेबांच्या टेबलाच्या खणात आणि मी चकचकीत, कोरडा, रिकामा. असून अडचण, नसून खोळंबा म्हणतात ना, तो मीच.

त्या आठवड्यात बहिणी आल्या. थोरली सवयीने पाणी प्यायली. थोड्या वेळाने उठून माझ्या दाराशी आली आणि तिच्या हाताला कुलूप लागले. तिने ते एकदा ओढून पाहिले. मग पदराचे टोक हातात घट्ट धरून ती तशीच उभी राहिली. मी तिच्यापासून एका दाराच्या अंतरावर होतो आणि काहीही करू शकत नव्हतो. ती परत गेली आणि म्हणाली, "चिमे, मी निघते. घरी काम पडलंय." धाकटी चकित झाली. आत्ता तर आलो होतो! थोरली बसथांब्याकडे अशा चालीने गेली की ती चाल मी ओळखली. बसमध्ये तिचे काय हाल झाले ते मला माहीत नाही, आणि कळले असते तरी तुम्हाला सांगितले नसते.

पुढच्या आठवड्यात ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. धाकटी एकटी बाकावर बसायची. तिला कमी ऐकू येते म्हणून ती फोन मोठ्या आवाजात लावते, त्यामुळे थोरलीचे बोलणेही मला ऐकू यायचे.

"गुडघा धरलाय गं," थोरली म्हणायची. "चालवत नाही."

धाकटीने गुडघ्यासाठी तेल पाठवले, पट्टा पाठवला, व्यायाम सांगितले. "मीच तुझ्याकडे येते," असेही म्हणाली. गेलीही, पण घरात सगळ्यांच्या मध्ये बसून हवापाण्याच्या गप्पा झाल्या, आईचा विषय निघालाच नाही. मग एक दिवस तिला कुठून तरी कळले की थोरली पुतणीचे नवे घर पाहायला गेली होती. तिसऱ्या मजल्यावर, जिना चढून. धाकटीने बाकावरूनच फोन लावला.

"तीन मजले चढलीस म्हणे?"

"अगं... हळूहळू चढले."

"तिथं गुडघा चढतो, आणि सपाट बागेत यायला दुखतो? माझ्याच वाटेवर दुखतो का गं तो?"

"तसं नाही चिमे."

"मग कसं आहे?"

 मग थोरली म्हणाली, "राहू दे ना."

"बरं. राहूच दे मग," धाकटी म्हणाली आणि फोन बंद केला. बाकावर ती पाठ ताठ करून बसून राहिली. तिला वाटत होते की बहीण तिला टाळते आहे. मला खरे कारण ठाऊक होते, पण मला तोंड नव्हते, आणि जिला तोंड होते तिच्या पोटातले ओठावर येत नव्हते. त्या दिवसानंतर धाकटीही यायची बंद झाली.

एकट्या त्याच नव्हेत. आधी म्हातारी माणसे कमी झाली, मग बाळांच्या आया, मग बाळांबरोबर बाळांचे हसणे. घसरगुंडीवर पाने साचली. साहेब चिंतेत पडले. त्यांनी लोकांना विचारले, "बागेत का येत नाही?" कोणी म्हणाले ऊन फार आहे, कोणी म्हणाले वेळ मिळत नाही, कोणी म्हणाले गुडघा दुखतो. शहरातल्या इतक्या गुडघ्यांना एकदम काय झाले, असा प्रश्न साहेबांना पडायला हवा होता. पण त्यांनी रंगीत दिवे लावले. सिमेंटचे हरीण बसवले. आणि शेवटी माझ्यासमोर एक मोठे कारंजे उभारले.

मित्रांनो, अडलेल्या माणसाला पाण्याची खळखळ ऐकवण्यासारखा दुसरा छळ नाही. उरलेसुरले लोकही त्या कारंज्याने घालवले.

मग साहेब म्हणाले की बागेची आखणीच नव्याने करू. "या संडासाचा वापर शून्य आहे. पाडून टाकू आणि इथं बसून खायला छानसं उपाहारगृह काढू." वापर शून्य! कुलपात ठेवून वर विचारायचे की कोणी का येत नाही! मी रागाने लाल झालो असतो, पण नुकताच पिवळा रंग दिला होता.

नव्या आखणीसाठी बागेत सभा ठेवली. हिरवळीवर खुर्च्या मांडल्या, आसपासच्या घरांत निरोप गेले. आणि आराखड्यासाठी कोणाला बोलावले असेल? आपल्या नकाशेवाल्या बाईंना. केस पिकले होते, चष्मा जाड झाला होता. आल्या आल्या त्या माझ्याकडे आल्या, कुलूप हातात घेतले आणि भुवया उंचावल्या. 

सभेला बरीच माणसे जमली. तेवढ्यात एका फाटकातून धाकटी आली आणि डावीकडे बसली. दुसऱ्या फाटकातून थोरली आली. तिने धाकटीला पाहिले, क्षणभर पाय अडखळले, आणि ती उजवीकडे बसली. दोघींनी एकमेकींकडे पाहिले नाही. म्हणजे एक पाहायची तेव्हा दुसरी पाहत नसे.

साहेबांनी विचारले, काय काय हवे? लोक बोलू लागले. सावली हवी, संगीत हवे, हरीण नको. माझे नाव कोणी काढले नाही. एकामागून एक लोक उठत होते आणि मी ऐकत होतो. मला वाटले, झाले, आता आपण पडणार, आणि ज्यांच्यासाठी उभे राहिलो तेच खाली मान घालून बघत बसणार.

तेव्हा नकाशेवाल्या बाई उठल्या. "मला एकच विचारायचंय. आज घरून निघताना पोटभर पाणी कोण कोण प्यायलं?"

 कोणी खुर्ची सरकवली, कोणी उगाच आकाशाकडे पाहिले. मागे कारंजे मात्र खळखळत होते.

थोरली उभी राहिली. खुर्चीच्या पाठीवर हात घट्ट ठेवून ती म्हणाली, "मी नाही प्यायले. सकाळपासून घोटभरही नाही." तिने मान वर केली. "माझं वय झालंय. मला लघवी थांबत नाही. दर थोड्या वेळानं जावं लागतं. समोर कुलूप लागल्यापासून मी बागेत आले नाही. सगळ्यांना सांगितलं गुडघा दुखतो. गुडघ्याला काही झालेलं नाही. गुडघे ठणठणीत आहेत माझे."

बोलताना ती साहेबांकडे पाहत नव्हती. डावीकडे पाहत होती.

धाकटी ताडकन उठली. "अगं मग मला सांगायचंस की! मी कोण परकी आहे?"

"तुलाच तर सांगवेना, चिमे." थोरलीचे डोळे भरून आले. "जन्मभर तुला चादरीवरून चिडवत आले. आता माझ्यावरच ती वेळ आली, हे तुला कुठल्या तोंडानं सांगू?"

धाकटी खुर्च्यांच्या रांगा ओलांडून निघाली. कोणाच्या पायावर पाय पडला, कोणाची पिशवी सांडली, तिने पाहिले नाही. थोरलीजवळ जाऊन तिने तिचा दंड धरला आणि तिखट आवाजात म्हणाली, "वेडी आहेस का गं ताई? तुझ्या चादरी मी वाळत घातल्या असत्या." आणि मग दोघी रडू लागल्या, आणि रडता रडता हसूही लागल्या.

इतक्यात मागच्या रांगेत एका पांढऱ्या मिशांच्या आजोबांनी हात वर केला. पण पंजा नाही, नुसती करंगळी, शाळेत बाईंना दाखवतात तशी. लोक हसले. मग आणखी एक करंगळी वर झाली. मग बाळाला कडेवर घेतलेल्या एका आईची. मग एका बापाची, आणि त्याच्या मांडीवरच्या मुलीची. माळीकाकांनीही खुरपे खाली ठेवून करंगळी वर केली. बघता बघता सगळी हिरवळ करंगळ्यांनी भरून गेली.

साहेब उभे होते, लालबुंद. त्यांनी एकदा माझ्या कुलपाकडे पाहिले, एकदा माणसांकडे. मग ते कार्यालयाकडे पळत सुटले आणि किल्ली घेऊन आले. किल्ली कुलपात गेली, पण फिरेना. कारंज्याच्या तुषारांनी कुलूप आतून गंजले होते. साहेब घामाघूम झाले.

"साहेब, जरा लवकर," थोरली हळूच म्हणाली. "आता विषय निघालाय."

माळीकाका हातोडा घेऊन आले आणि दोन घावांत कुलूप पाडले. मला लागले थोडे, पण इतके गोड लागणे मी कधी अनुभवले नव्हते. थोरलीने पिशवी धाकटीच्या हातात दिली. आत खुंटी आहे हे दोघींना माहीत होते, तरी दिली. "जा, मी आहे बाहेर," धाकटी म्हणाली आणि माझ्या दाराला पाठ लावून पहारेकऱ्यासारखी उभी राहिली.

मला पाडले नाही, हे तुम्ही ओळखलेच असेल. उलट दुसऱ्या फाटकापाशी मला एक धाकटा भाऊ झाला, तोही वाटेलगत, चारचौघांत. कारंजे तिकडे हिरवळीच्या टोकाला हलवले. आखणी ठरवताना साहेबांनी आपणहून सांगितले की आधी देखभालीला माणसे नेमू, मग बाकीचे. आता दोघे जण पाळीपाळीने येतात. मावशी एक दिवस लेकीचा हात धरून आल्या आणि त्यांना कोपऱ्याकडून दाराकडे कसे धुवायचे ते दाखवून गेल्या. दारावर टकटक करायलाही शिकवले. ढाल साहेबांच्या खोलीत आहे. तिच्यावर धूळ बसते आणि साहेब ती पुसायची विसरतात. मला हे फार आवडते.

मित्रांनो, मी बोलका आहे, पण माझे मागणे थोडे आहे. आलात की पाणी नीट सोडा. फरशी ओली झाली तर सांगा. खुंटीला पिशवी अडकवा, खुंटी घरी नेऊ नका. दार बंद दिसले तर आधी टकटक करा. पुढे तुमच्यातले कोणी बागा, चौक, बसथांबे आखायला बसले, तर मला सगळ्यात शेवटी, उरलेल्या कोपऱ्यात टाकू नका. आणि मला लागते, हे म्हणायला लाजू नका. कोणी म्हटले तर हसू नका. ते ज्याला बोलता येत नाही, तो घरातून बाहेर पडायचाच थांबतो, आणि आपल्याला वाटते त्याचा गुडघा दुखतो.

आता पुरे करतो. त्या बघा, दोन बाजूंच्या फाटकांतून दोघी आल्या. थोरलीने बाकावर बसल्या बसल्या पिशवीतून बाटली काढली आहे, झाकण उघडले आहे, आणि मान मागे टाकून ती घटाघटा पाणी पिते आहे.

"अगं ताई, मला ठेव ना थोडं!"

थोरलीने रिकामी बाटली तिच्या हातात दिली, तोंड पुसले आणि माझ्याकडे बोट दाखवले.

"नळावरून भरून आण, आणि तूही पी पोटभर. घाबरतेस काय? आहे ना तो समोर."